कुंडलिक मिस्त्रीचा कान

बारामतीत त्या काळी इंजिनाला हात लावणारे पाचसहा जण होते, पण इंजिनाला कान लावणारा एकच. कुंडलिक पोपळघट. जळोचीच्या वाटेवर त्याची भट्टी होती. बाप-आजा गाडीच्या चाकांना धावा चढवणारे, नांगराचे फाळ पाजणारे लोहार. कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आली आणि बैलांचा चरक जाऊन तेलाचं इंजिन आलं, तेव्हा या गड्यानं ऐरण न सोडता इंजिनाशी सोयरीक जमवली. शिकला कोणाकडे? कोणाकडेच नाही. इंजिनाशेजारी उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि ऐकत राहायचा. मग उठून एकच बोल्ट अर्धा फेरा फिरवायचा आणि धोतराला हात पुसायचा. चालू झालं की गुऱ्हाळवाले त्याच्यापुढे काकवीची वाटी ठेवत आणि तोंडभर सांगत सुटत, की मिस्त्रीचा कान म्हणजे कान.

मी दत्तोबा, डॉक्टर पाळंद्यांचा कंपाउंडर. बाटल्यांना डोसांच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या आणि डॉक्टर फटफटीवरून खेडोपाडी निघाले की औषधांची पेटी मांडीवर घेऊन मागं बसायचं, हे माझं काम. माझा एक दुर्गुण आधीच सांगून टाकतो: माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आई म्हणायची, दत्तूला सांगितलं काय आणि दवंडी दिली काय, सारखंच.

फटफटी पहिल्या लढाईतली, फौजेनं टाकून दिलेली. डॉक्टरांच्या हाती आली तेव्हाच तिला म्हातारपण लागलं होतं. तिचं दुखणंखुपणं पाहायचं ते कुंडलिकनं. तिच्या पेट्रोलच्या टाकीची खालची शिवण गळायला लागली, तेव्हा दुसऱ्या एखाद्यानं डाग द्यायला घेतला असता आणि भडका उडवून बसला असता. कुंडलिकनं गूळ आणि चुना एकत्र कुटून त्याची लगदी शिवणीत ठासली. म्हणाला, "पेट्रोलात गूळ इरघळत न्हाय, दत्तोबा. ही टाकी आता माझ्या आदी गळायची न्हाय." तीन वर्षं थेंब पडला नाही. डॉक्टर पाहुण्यांना ती शिवण कौतुकानं दाखवत.

आता छबूबाई, कुंडलिकची बायको. लोहारणीला घण उचलावाच लागतो, पण छबूबाईसारखा घण मी कोणाचा पाहिला नाही. लोहार हातातल्या लहान हातोडीनं तापल्या लोखंडावर टक् करतो, तिथंच आणि तेवढ्याच जोरानं बाईनं घण घालायचा. त्यानं ऐरणीवर दोनदा टकटक केलं की थांबायचं. तोंडानं अवाक्षर नाही. वीस वर्षं दोघांचा संसार बहुधा याच बोलीत चालला होता. अलीकडे मात्र मी एक पाहत होतो. फटफटी दुरुस्तीला नेली आणि सुरू केली, की छबूबाई हातातलं काम टाकून कुंडलिकच्या मागं येऊन उभी राहायची आणि बोटानं त्याच्या पाठीवर टकटक करायची. मला वाटायचं, बाईला यंत्राची हौस आहे. मी चेष्टाही केली होती, की मिस्त्री, तुमचं लायसन वहिनींच्या नावानं करा. छबूबाई हसली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं, पण अक्कल वाटत होते तेव्हा मी कुठंतरी गप्पा मारत उभा असणार.

छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. दसरा झाला आणि फटफटीला दृष्ट लागल्यासारखं झालं. दवाखान्याच्या दारात सुरळीत चालायची आणि दोन कोसांवर गेली की आचके देऊन बंद पडायची. दहा दिवसांत चार वेळा. दर वेळी ढकलत जळोचीला न्यायची. कुंडलिक कारबोरेटर खोलायचा, त्यातली जेट म्हणजे सुईच्या नेढ्याएवढं भोक असलेली पितळी नळी फुंकून साफ करायचा. अंगणात घोडीवर उभी करून सुरू केली की अशी मजेत चालायची, की आजारी होती म्हणावं तर आपणच खोटे ठरावं. मागं छबूबाई ऐकायची, पाठीवर तळवा टेकवायची आणि कुंडलिक म्हणायचा, "झाली झ्याक." दुसऱ्या दिवशी रस्त्यात पुन्हा तेच. एका रोग्याकडे डॉक्टर त्यामुळं वेळेवर पोचले नाहीत. माणूस वाचला, पण डॉक्टरांचा जीव कातावला.

दर बुधवारी डॉक्टर इंदापूरच्या पेठेत बसत आणि दुपारनंतर तिथून आडबाजूच्या गावांना जात. त्या बुधवारी ते प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारनं पुढं गेले. जाताना कुंडलिकला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही आणि दत्तोबा गाडी घेऊन या. बारा वाजेपर्यंत इंदापुरात आलात तर गाडीही राहील आणि तिच्यावर तुमचा हातही राहील. नाही आलात तर मी ती विकणार, आणि कोणी विचारलं तर कारणही सांगणार. तुमचा राग नाही, पण मला पेशंटला उत्तर द्यावं लागतं."

त्यात सगळं आलं. कुंडलिकचं नाव होतं ते कानावर, आणि कानाची ग्वाही होती ती डॉक्टरांची फटफटी. डॉक्टरांसारखा माणूस 'याला कळेनासं झालं' म्हणाला, तर गुऱ्हाळाच्या तोंडावर कोण बोलावणार होतं? निघताना छबूबाई वाटेपर्यंत आली. ती मला म्हणाली, "भाऊजी, ध्यान ठेवून ऐका बरं का." मी म्हणालो, ऐकतो की. काय ऐकायचं ते मी विचारलंच नाही.

लासुर्णं मागं पडलं आणि गाडीनं अंग टाकलं. दोन्ही बाजूंना ऊस, सावलीला एक लिंब, आणि सकाळचे नऊ. कुंडलिक उतरला आणि मला म्हणाला, "आवाज कुठनं आला? म्होरनं का मागनं?"

"कसला आवाज?"

"बंद पडायच्या आदी ती बोलती. कारबेटरातनं शिंकती, न्हायतर मागं सायलेन्सरातनं खोकती. शिंकली म्हंजी पेट्रोल कमी पडतंया. खोकली म्हंजी ठिनगीत खोट हाय. काय केलं तिनं?"

"मिस्त्री, तालुक्यात नावाजलेला कान तुमचा, आणि विचारता मला?"

तो इंजिनाकडे वाकला होता. काही बोलला नाही. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा काही नाही. मला राग आला, पुढं होऊन मी त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो दचकून वळला आणि माझ्या डोळ्यांकडे न पाहता माझ्या ओठांकडे पाहू लागला. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. एखाद्याला भर रस्त्यात उघडं पाडल्यासारखं वाटून मी मान फिरवली.

"कधीपासून?" मी पुन्हा त्याच्याकडे वळून ओरडलो.

"दोन वरसं." तो लिंबाखाली बसला. "गुऱ्हाळावर रातध्याड इंजिनापाशी बसून बसून. आदी बारीक आवाज गेलं. पाखरं गेली. मग हिच्या बांगड्या गेल्या. मानसाचं बोलनं तोंडाकडं बघून कळतं. इंजिन हाताला कळतं, पन धडधडतंया एवढंच. आत काय म्हनतंया ते न्हाय कळत. ते ही मागं हुबी ऱ्हाऊन पाठीवर सांगती. शिंकली तर एक बोट, खोकली तर दोन, नीट चालली तर सबंद तळवा."

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"तिला. आनि आता तुमाला." त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे तळवे घट्ट्यांनी खरखरीत झालेले. "दत्तोबा, गळ्याची आन घ्या. कुनाला बोलू नगा. मला दुसरं काय येत न्हाय."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. खरं सांगतो, त्या वेळी ती मनापासून घेतली होती.

"मग सांगा," तो म्हणाला, "शिंकली का खोकली?"

मला काय ठाऊक! गाडी बंद पडली तेव्हा मी इंदापूरच्या खानावळीतल्या पिठल्याचा विचार करत होतो. पण नाही म्हणायची लाज वाटली. म्हणालो, "खोकली बहुतेक. मागनं."

कुंडलिकनं प्लग काढून पाहिला. "ह्यो तर कोरडा ठाक, पांढरा पडलाय. पेट्रोल मिळत न्हाय म्हनतोय." तो प्लग हातात घेऊन थांबला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "पन तुमी म्हंता खोकली. तुमी ऐकलंय." आणि डोळ्यांनी दिसत होतं ते बाजूला ठेवून त्यानं माझ्या कानावर विश्वास ठेवला. दोन वर्षं दुसऱ्याच्या कानावर जगणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा उरत नाही, हे मला फार पुढं समजलं. त्यानं ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडला, त्यातल्या टिकल्या धोतराच्या सोग्यानं घासल्या, तारा तपासल्या, पुन्हा जोडल्या. किक मारली. चालू झाली.

"आता ऐका. कसं वाजतंया?"

"फट् फट् वाजतंय."

"आवो, पन कसलं फट्? कोरडं का वलं?"

फट् कोरडं असतं की ओलं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी कान लावला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. फट् ते फट्च. आम्ही निघालो आणि अर्ध्या मैलावर पुन्हा बंद. पुन्हा मॅग्नेटो. पुन्हा निघालो, पुन्हा बंद. मला कान होते पण कळत नव्हतं, त्याला कळत होतं पण कान नव्हते. आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमते म्हणतात. आमची काही जमली नाही. साडेअकरा झाले तेव्हा निमगावही आलं नव्हतं. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा कुंडलिकनं हातातला पाना फुफाट्यात टाकला आणि रस्त्यातच बसला. एवढा घण-ऐरणीतला गडी, त्याचे खांदे हलत होते. मी आयुष्यात इतका निरुपयोगी कधी झालो नव्हतो. पेटीत वीस औषधं होती, त्यांतलं एकही चालणारं नव्हतं.

शेवटी मीच कबूल केलं. "मिस्त्री, मी ऐकलंच नव्हतं. खोकली म्हणालो ते खोटं."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता उठला आणि आजवर जेट फुंकताना कधी न काढलेली कारबोरेटरखालची वाटी काढू लागला. त्या वाटीत पितळी डबडं तरंगतं आणि पेट्रोल किती घ्यायचं ते ठरवतं. वाटीच्या तळाशी पारा लोळावा तसे थेंब लोळत होते. पेट्रोलाखाली पाणी. आणि पाणी पांढरं नाही, चहासारखं तांबूस. कुंडलिकनं बोट बुडवून नाकाला लावलं, मग जिभेला. त्याचा चेहरा पालटला.

"गोड," तो म्हणाला.

त्यानं टाकीखाली हात घातला. शिवणीपाशी ओल होती. गुळाची लगदी मऊ पडली होती.

"गूळ पेट्रोलात इरघळत न्हाय," तो हळू म्हणाला. "पान्यात इरघळतो. पन टाकीत पानी आलं कुठनं?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची. डॉक्टरीणबाई, द्वारकाबाई, म्हणाल्या की फटफटीलाही न्हाण घाला, पहिलं पाणी डोक्यावरून. आता फटफटीचं डोकं कुठलं? मी टाकी ठरवलं. तांब्याभर नव्हे, हळद-कुंकवाचं घागरभर पाणी टाकीच्या बुचावर धार धरून मीच ओतलं होतं, स्तोत्र म्हणत. बुचाला हवेसाठी भोक असतं हे मला त्या दिवशी रस्त्यात कळलं. उभ्या गाडीत पाणी तळाला निपचित पडून राहायचं, म्हणून अंगणात गाडी शहाण्यासारखी वागायची. रस्त्यात हिंदकळलं की गुळवणी जेटमध्ये.

हे ऐकून कुंडलिक हसायला लागला. मीही हसलो. पण त्याचं हसणं लवकर संपलं. "कारबेटरातनं शिंकत असनार," तो म्हणाला. "धा दिस शिंकत असनार रस्त्यानं. मला कान असता तर पयल्याच दिशी कळलं असतं."

मग काम फार नव्हतं. टाकी तळापर्यंत निथळली, वरचं पेट्रोल धोतराच्या पदरातून गाळून परत भरलं. मी पेटीतली डॉक्टरांची साबणाची वडी दिली, ती त्यानं शिवणीत दाबून बसवली. गाडी इंदापुरापर्यंत एकदाही अडली नाही. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. डॉक्टर टांगा ठरवून उभे होते, चेहरा लाल. पण काय झालं ते सांगितल्यावर, आणि त्यात घरच्याच पाण्याचा हात निघाल्यावर, ते ओशाळले. म्हणाले, "मिस्त्री, गाडी तुमच्याकडेच राहील." कुंडलिकनं ओठांकडे पाहून ते वाचलं आणि खाली वाकून नमस्कार केला. तो वाचला होता. हे नीट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं पाप कोणाचं ते कळेल.

डॉक्टर पेटी मागं बांधून गाडीवरून एकटेच गेले, कुंडलिक सर्व्हिस मोटारनं घरी गेला आणि मी खानावळीत पिठलं-भाकरी खायला बसलो. समोर आबासाहेब होते, जळोचीचे बागाईतदार, दोन गुऱ्हाळांचे मालक, कोर्टाच्या कामासाठी इंदापुरी आलेले. माझी छाती भरून आली होती. मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं: पाणी, गूळ, आणि मिस्त्रीनं जिभेनं कशी फटफटी दुरुस्त केली. केवळ कौतुकानं. आबासाहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "पन दत्तोबा, त्यो तर लांबनं ऐकून सांगतो. ह्या बारीला जीब कशाला लावली?"

इथं गप्प बसायचं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "तीच तर कमाल! ऐकू येत नसताना काढलं त्यानं."

तोंडातून गेलं. आबासाहेबांचा घास हातात राहिला. "ऐकू येत न्हाय? कुंडलिकला?" मी सारवासारव केली, म्हटलं सर्दी झाली आहे, कानात मळ आहे. बाण सुटल्यावर भात्यावर हात ठेवून काय उपयोग!

आबासाहेब वाईट माणूस नव्हे. चार दिवसांनी मी त्यांच्या पायांवर पडायला गेलो तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, "मलाबी वंगाळ वाटतंया. पन इंजिनापाशी मानूस बसवायचा त्यो कशासाटी? चरकात कुनाचा हात गेला, बाया वरडल्या, तर त्यानं पट्टा पाडून चरक थांबवाया पायजे. ज्याला वरड ऐकू येत न्हाय, त्याच्या भरवशावर मी कुनाचा हात टाकू? तुमीच सांगा." त्यांचं बरोबर होतं, हेच तर दुःख. त्यांनी बाकीच्या गुऱ्हाळवाल्यांना सांगितलं, तेही द्वेषानं नव्हे.

डॉक्टरांनी कुंडलिकला बोलावून कान तपासले, पुण्याच्या तज्ज्ञाला पत्र लिहिलं. नस मेली आहे, इलाज नाही, असं उत्तर आलं. डॉक्टरांनी शब्द पाळला, गाडी त्याच्याकडेच ठेवली. पण फटफटी वर्षातून चारदा बिघडते आणि गुऱ्हाळ चार महिने अखंड चालतं. त्या हंगामात जळोचीच्या वाटेवर इंजिनासाठी एकही माणूस कुंडलिककडे आला नाही. तो पुन्हा विळे-खुरपी करायला लागला. मला मात्र त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, की हे कोणी सांगितलं.

पौषात एके दिवशी सकाळी मी धीर करून त्याच्याकडे गेलो. माफी मागायची होती. भट्टी थंड होती. कुंडलिक अंगणात खुरप्याला मूठ बसवत होता, छबूबाई तांदूळ निवडत होती. ओढ्यापलीकडे आबासाहेबांचं गुऱ्हाळ चालू होतं, धुरासंगती रसाचा वास येत होता. मी बसलो आणि इंजिनाचा ठोका अडखळायला लागला. गेल्या दोन महिन्यांत मी वेड्यासारखा इंजिनं ऐकत फिरलो होतो, म्हणून मलाही कळलं. छबूबाईचे हात सुपात थांबले. ती त्याच्या समोर जाऊन बसली आणि म्हणाली, "आबासायबाचं चुकतंया."

"कितव्या ठोक्याला?"

"चारांत एक."

"तेलाच्या नळीत कचरा," कुंडलिक म्हणाला. "दोन मिन्टाचं काम." तो उठला, हात पुसले, ओढ्याच्या पाऊलवाटेकडे पाहत उभा राहिला. मीही पाहत होतो. कोणी आलं नाही. पलीकडे इंजिन बंद पडलं. माफी मागायची राहूनच गेली. थोड्या वेळानं इंजिन पुन्हा सुरू झालं. कोणी तरी नळी काढून फुंकली असणार. आता ठोके एकसारखे, स्वच्छ पडत होते, एकही चुकत नव्हता.

कुंडलिक अजून वाटेकडेच बघत होता. मग त्यानं वळून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "काय म्हनतंया?"

छबूबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकतंयाच अजून," ती म्हणाली. "कुनालाच जमंना झालंय."

कुंडलिकनं मान हलवली आणि पुन्हा खुरपं हातात घेतलं. मी काही बोललो नाही.